दोनशे चोपन्न वॅट

१

चाळिसाव्याला दोन दिवस उरले असताना विरात्माला त्या लॉगशीटमध्ये दोनशे चोपन्न सापडले.

त्याआधीचे अडतीस दिवस त्याने वीजकेंद्राच्या कुठल्याही कागदाला हात लावला नव्हता. चिलाम्पिरच्या खोऱ्यातल्या पाच लहान जलविद्युत केंद्रांचे मीटर तपासायचे आणि महिन्याच्या शेवटी लॉगशीटांची बेरीज बघायची, हे त्याचं काम. तीस वर्षं त्यात गेली. पण बायको, एन्तिन, गेल्यापासून गठ्ठे तसेच खाटेखाली पडून होते. वरिष्ठांनी दोनदा निरोप धाडला तेव्हा रविवारी सकाळी त्याने ते ओढून काढले. सवयीने दोन कप कॉफी केली, एक परत किटलीत ओतली आणि बसला.

गावातल्या केंद्राचा गठ्ठा त्याने शेवटी घेतला. त्या शुक्रवारचा कागद त्यातच होता.

कागद नीटनेटका होता. सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत दर तासाला दोन आकडे. डावीकडे लहान आकडा, म्हणजे मीटरचा काटा दाखवतो ते वॅट. उजवीकडे मोठा आकडा, म्हणजे यंत्र प्रत्यक्षात किती मेगावॅट वीज देतं ते. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट. एवढी वीज मीटरमधून थेट सोडली तर मीटर जळून जाईल. म्हणून मधली रोहित्रं (प्रवाहाच्या रोहित्राला केंद्रात सीटी म्हणतात) ती लहान करतात, मीटर तो लहानसा अंश मोजतो आणि माणूस त्याला गुणकाने गुणून पुन्हा मोठा आकडा काढतो. खरं तर मेगावॅट दाखवणारा मीटरच हवा. तो सात वर्षांपूर्वी बंद पडला आणि नवीन येईपर्यंत म्हणून विरात्माने स्वतःचा तपासणीचा मीटर तिथे लावून दिला. नवीन अजून यायचाच होता.

त्या कागदावर उजवीकडे ०.६०, ०.६१, ०.६०, ०.५९ असे आकडे होते. डावीकडे २५०, २५४, २५०, २४६.

विरात्माने चष्मा पुसला. मग आदल्या दिवसाचा कागद काढला, दुसऱ्या दिवसाचा काढला. दोन्हीकडे उजवीकडे तेच ०.६०, ०.६१. पण डावीकडे ५००, ५०५, ४९५.

यंत्र तेवढीच वीज देत असताना एका दिवसापुरता मीटर अर्ध्यावर आला होता. आणि तो दिवस नेमका एन्तिन बुडाली तो होता.

२

एन्तिन बुडाली ती केंद्राच्या मागच्या पाटात. यंत्र फिरवून झाल्यावर पाणी ज्या दगडी पाटातून नदीला जातं, त्यात गावच्या बायका कपडे धुतात. यंत्र चालू असताना पाणी कमरेएवढं असतं, बायका काठावर बसतात. यंत्र थांबलं की पाणी घोट्यावर येतं आणि मधला सपाट दगड उघडा पडतो. मोठ्या चटया आणि गाद्यांच्या खोळी धुवायला त्या दगडासारखी जागा नाही.

पण थांबलेलं यंत्र सुरू झालं की पाणी एका दमात येतं. म्हणून केंद्राचा नियम होता की आधी कंतोंगान वाजवायचं, मगच यंत्राला पाणी सोडायचं. कंतोंगान म्हणजे फणसाचं पोकळ खोड, ते केंद्राच्या दाराशी टांगलेलं असे. त्याचा ठोका दोन डोंगर ओलांडून जाई. आणि गावाची रीत अशी की शुक्रवारी अजान झाल्यापासून नमाज संपेपर्यंत कंतोंगान वाजवायचं नाही.

दोन्ही जोडून पाहिलं तर अर्थ सरळ होता. शुक्रवारी दुपारी यंत्र थांबलंच, तर नमाज संपेपर्यंत ते सुरू होणार नाही. आठवड्यातला सगळ्यात निर्धास्त तास तो.

हे एन्तिनला विरात्मानेच सांगितलं होतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी, पाटाच्या काठावर उभं राहून. "कंतोंगान ऐकू आलं नाही तर पाणी येत नाही. डोळे मिटून बस."

त्या शुक्रवारी तो दुसऱ्या केंद्रावर होता. संध्याकाळी आला तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. दुपारी नमाजाहून परतणाऱ्यांना ती खाली बांबूच्या कुंपणाला अडकलेली सापडली. केंद्रप्रमुख गुनादीने सगळ्यांसमोर लॉगशीट दाखवली. यंत्र सकाळपासून एकसारखं चालू होतं, पाणी वाढायचं काही कारणच नव्हतं. बाई भरल्या पाटात उतरली आणि घसरली. बेफिकिरी, दुसरं काय.

दफनाच्या वेळी रिवाजाप्रमाणे विरात्मा चार माणसांपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या बायकोचं काही चुकलं असेल तर माफ करा." एरवी हे शब्द नुसते म्हणायचे असतात. त्या दिवशी लोकांनी माना डोलावल्या. खरंच चुकलंय बिचारीचं, अशा.

परवा चाळिसाव्या दिवसाच्या दुआला त्याला हेच पुन्हा म्हणायचं होतं.

३

सोमवारी सकाळी तो आधी रुम्सीकडे गेला. पाटाच्या वरच्या अंगाला तिची खाण्याची टपरी. एन्तिनची तीच मैत्रीण. तेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप तळत होती, त्याला पाहून तिने झारा खाली ठेवला.

"आलात एकदाचे," ती म्हणाली. "मला वाटलं, माझं तोंडच बघायचं नाही असं ठरवलंय."

"तसं का वाटलं?"

"मग काय. अडतीस दिवस या रस्त्याने न जाता चहामळ्यातून वळसा घालून जाताय. मला दिसत नाही का?"

विरात्मा बाकावर बसला. "रुम्सी, त्या दिवशी ती पाटात उतरली तेव्हा तू पाहिलंस?"

रुम्सीने चूल बारीक केली. "पाहिलं नाही. ऐकलं. तिने खालून हाक मारली. म्हणाली, दगड उघडा पडलाय, तुझी चटई घेऊन ये, दोघी मिळून पिळू. मी म्हटलं, भात उतरवते आणि येते." तिने एक काप उलटला. "भात उतरवला. मग म्हटलं, जाताजाता मिरची वाटून ठेवावी. मिरची वाटली."

"दगड उघडा पडलाय, असं म्हणाली?"

"आता तुम्हीही तेच विचारा. गुनादीसाहेबांनी विचारलं, केंद्रातल्या कारमानने विचारलं. साहेब म्हणाले, बाई, कागद सांगतो यंत्र चालू होतं, तुम्ही तळणापाशी होता, तुम्हाला काय ऐकू येणार. मग मलाच वाटायला लागलं की मी मिरची वाटत बसले ते झाकायला हे सगळं रचतेय."

"कंतोंगान वाजलं?"

"पाक विरात, शुक्रवारी दुपारी? कोण वाजवणार?" मोठ्या माणसाला गावात आदराने पाक म्हणत.

त्याने पैसे ठेवले. तिने ते परत त्याच्या खिशात कोंबले.

"चटई कोणती नेली होती तिने?" त्याने विचारलं.

"पाहुण्यांची. मोठी. तुमची बहीण यायची होती ना ईदला." रुम्सीने त्याच्याकडे पाहिलं. "चालू यंत्राच्या पाण्यात ती चटई कोणी नेईल का? दोन माणसांना धरवत नाही."

४

कंतोंगान वाजवायचं आणि वरच्या तलावाची दारं सांभाळायची, ही दोन्ही कामं म्हाताऱ्या ओदांगकडे होती. सगळं गाव त्याला मांग म्हणायचं, म्हणजे काका. विरात्मा चढण चढून वर गेला तेव्हा तो दाराच्या चाकाला ग्रीस लावत होता.

"मांग, त्या शुक्रवारी यंत्र थांबलं होतं का?"

"कागदावर काय आहे?"

"कागद मी पाहिलाय. तुम्हाला विचारतोय."

"मी बहिरा माणूस. मला विचारून काय उपयोग?"

"मागच्या महिन्यात मी पायवाटेवर शिंकलो, तर तुम्ही इथून विचारलंत की सर्दी झाली का."

ओदांग हसला नाही. त्याने हात फडक्याला पुसले, बराच वेळ पुसले.

"मशिदीच्या मागच्या ओळीत बसलं की फरशीतून यंत्राची घुमघुम पायाला लागते," तो म्हणाला. "चाळीस वर्षं लागतेय. त्या दिवशी प्रवचन चालू असताना ती गेली. मला वाटलं, पायाला मुंग्या आल्या. मग प्रवचन संपायच्या आत परत आली. आता प्रवचनातून उठून कसं जाणार विरात? लोक काय म्हणतील? बाहेर आलो तर यंत्र चालूच. म्हटलं, आपलं वय झालं."

"आणि मग?"

"मग खाली ओरडा झाला. मग कागद दाखवला. माझ्या पायापेक्षा कागद खरा असेल, असं मी धरलं." त्याने फडकं घडी घालून ठेवलं. "धरलं कसलं. मला तसं धरायचंच होतं. कंतोंगान माझं आहे."

विरात्मा निघाला. जाता जाता सहज म्हणून त्याने विचारलं, "त्या दिवशी पाणी किती होतं?"

"चांगलं होतं की. वरच्या ओढ्यात पाला अडकला होता तो सकाळीच काढला. साडेअकराला मी दार चार बोटं जास्त उघडून मगच खाली उतरलो. बारा वाजेपर्यंत तुझा काटा पॉइंट आठवर जायला हवा होता."

कागदावर बारा वाजता ०.६० होते.

५

शुक्रवारच्या लॉगशीटखाली सही होती कारमानची. सकाळच्या पाळीचा ऑपरेटर. विरात्माने पॅनेलसमोर त्याला गाठलं आणि कागद पुढे ठेवला.

"ही सही तुझी?"

"माझी."

"आकडे?"

कारमानने मीटरकडे पाहिलं, मग दाराकडे. दारापलीकडच्या खोलीत गुनादी फोनवर बोलत होता.

"कारमान, या मीटरच्या तबकडीवर किती-किती वॅटच्या रेघा आहेत?"

"पाच-पाचच्या."

"मग दोनशे चोपन्न तू कसा वाचलास? काटा दोन रेघांमध्ये असला तर तुम्ही सगळे जवळची रेघ धरता. तीस वर्षांत मी कोणाच्या कागदावर शेवटी शून्य किंवा पाच सोडून काही पाहिलं नाही. दोनशे चोपन्न काट्यावरून येत नाही. तो हिशेबातून येतो. आधी पॉइंट एकसष्ट मेगावॅट लिहायचं, मग गुणकाने भागायचं, की दोनशे चोपन्न निघतो. या माणसाने लहानातून मोठं काढलं नाही. मोठ्यातून लहान काढलं."

कारमानने तबकडीच्या रेघांवरून बोट फिरवलं.

"आणि भागताना गुणक धरला चोवीसशे. आता सांग, त्या शुक्रवारी गुणक किती होता?"

"बाराशे," कारमान हळूच म्हणाला. "सोमवारी तुम्ही सीटी बदलली. जुनी जळाली होती. भांडारात तिच्या निम्म्या मापाची एकच शिल्लक होती, ती बसवली. मीटर तेवढ्याच विजेला दुप्पट दाखवायला लागला, म्हणून गुणक निम्मा. तुम्ही मला खडू दिला आणि पॅनेलवर बाराशे लिहायला लावलं. ते बघा, अजून आहे." त्याचा आवाज जरा वर आला. "मी स्वतः लिहिलेला आकडा चार दिवसांत विसरेन का, पाक?"

"नाही विसरणार. म्हणून तर विचारतोय. तुला माहीत होतं. तुझ्या जोडीदारांना माहीत होतं, कारण त्यांना दर तासाला गुणावं लागतं. मग चोवीसशे कोणाच्या डोक्यात होता?"

कारमानने कागद उलटा करून ठेवला, जणू आकडे ऐकत असावेत.

"त्या शुक्रवारी केंद्रात थांबायची माझी पाळी होती," तो म्हणाला. "साहेब म्हणाले, जा तू नमाजाला, आज मी बसतो. मला बरं वाटलं. साहेब असून म्हणाले. परत आलो तर म्हणाले, लॉगशीटवर शाई सांडली, मी नवीन लिहिली, सही कर. खाली ओरडा चालू होता. मी केली आणि पळालो."

"आकडे कधी पाहिलेस?"

"दुसऱ्या दिवशी. फाइल लावताना."

"आणि?"

"माझी बायको पाचव्या महिन्यात आहे पाक. नोकरीला दीड वर्ष झालंय." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "मला वाटलं, कागद आहे तसा राहू द्यावा. महिन्याच्या शेवटी तुम्ही सगळे कागद बघता. तुम्हाला सापडेलच. मग मला काही बोलावं लागणार नाही. पण तुम्ही महिनाभर गठ्ठाच उघडला नाहीत. मी रोज वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज तरी उघडावा, आणि रोज वाटायचं, कधीच उघडू नये."

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. "कोण आलंय रे?" गुनादीने विचारलं.

६

गुनादीच्या खोलीत दारासमोरच एक पाटी होती. *न थांबता चाललेले दिवस*, आणि खाली खडूने १३५. शंभर पूर्ण झाले त्या सोमवारी केंद्रात पिवळ्या भाताचा डोंगर रचून जेवण झालं होतं. एन्तिनला जाऊन तेव्हा तीन दिवस झाले होते. त्या जेवणातला एक वाटा गुनादीने केळीच्या पानात बांधून विरात्माच्या घरी पाठवला होता.

"या पाक विरात. बरं केलंत, आलात. माणसाने कामात पडावं. कॉफी?"

"नको. एक आकडा विचारायला आलोय. पॉइंट सहा मेगावॅट असले तर मीटरवर किती?"

"अडीचशे," गुनादी म्हणाला. "हे काय विचारणं झालं? मी इथे ऑपरेटर होतो तेव्हापासून अडीचशे."

त्याच्या मागे भिंतीवर इनॅमलची जुनी पट्टी होती: गुणक २४००.

"आता पाचशे," विरात्मा म्हणाला. "त्या आठवड्याच्या सोमवारपासून. तुम्ही बांडुंगला बैठकीला होता, गुरुवारी संध्याकाळी परतलात. सगळ्या कागदांवर तेव्हापासून पाचशेच आहे. रोज तुमच्यापुढे येतात. तुम्ही मोठा आकडा बघून सही करता, आणि नवीन कागद लिहितानाही तोच उतरवलात."

विरात्माने कागद टेबलावर ठेवला. दोनशे चोपन्नवर त्याने पेन्सिलीने खूण केली होती. गुनादीने ती पाहिली, मग उठून मागची पट्टी पाहिली. शहाण्या माणसाला फार सांगावं लागत नाही.

"सत्त्याण्णवावा दिवस होता," गुनादी शेवटी म्हणाला. "शंभर झाले की मला मोठ्या केंद्रावर नेणार होते. बारा-पाचला यंत्र थांबलं. मी एकटा. दीडपर्यंत थांबायचं म्हणजे थांबल्याची नोंद करावीच लागणार होती. लगेच सुरू केलं तर कोणाला कळणार होतं? बारा-पस्तीसला पाणी सोडलं."

"कंतोंगान?"

"मशिदीत सगळं गाव बसलेलं. वाजवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं."

"पाटाकडे पाहिलंत?"

"खिडकीतून पाहिलं. कोणी दिसलं नाही."

"खिडकीतून मधला दगड दिसत नाही."

"नाही दिसत," गुनादी म्हणाला. "ते मला माहीत होतं."

खोलीत फक्त यंत्राची घुमघुम होती. विरात्माला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपण काहीतरी करू. टेबल उलटवू. त्याला फक्त पाणी प्यावंसं वाटलं.

"लिहा," गुनादी म्हणाला. "जे आहे ते लिहा. मी सही करतो. अडतीस दिवस मी रोज त्या पाटीवर एक आकडा वाढवतोय. कारमान बाहेर गेल्यावर लिहितो." त्याने तोंडावरून हात फिरवला. "एक गोष्ट मात्र मला अजून उमगली नाही. तुम्ही मीटरचे जाणकार, तुम्हालाच विचारतो. यंत्र थांबलंच का?"

"काय दिसलं होतं?"

"रिलेची लाल पट्टी पडली होती. जादा प्रवाहाची. काटा मी पाहिला नव्हता, पण ओदांगने पाणी वाढवलं होतं, बहुतेक पॉइंट आठपर्यंत गेलं असेल. पण पॉइंट आठ म्हणजे जादा? हे यंत्र दीड मेगावॅट खेचतं. मी पुन्हा सुरू केलं ते यंत्राची झडप सकाळएवढीच उघडून, पॉइंट सहावरच, मग काही झालं नाही. नंतर पाणीही आटलं. पॉइंट आठवर यंत्र बंद पाडेल असा रिले कोणी लावला?"

विरात्मा उभा राहिला. खुर्ची मागे पडली, ती त्याने उचलली नाही.

७

रिले पॅनेलच्या मागच्या बाजूला, काचेच्या झाकणाखाली होता. तो यंत्राचा पहारेकरी. प्रवाह ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की यंत्र बंद करतो. पण एवढा मोठा प्रवाह त्यालाही थेट पेलत नाही. तोही मीटरसारखाच सीटीने लहान करून दिलेला अंश बघतो. त्याच सीटीने.

आत एक छोटा स्क्रू होता आणि आकड्यांची भोकं. स्क्रू चारच्या भोकात होता.

जुन्या सीटीला चार म्हणजे एकशे साठ अँपिअर. दीड मेगावॅटच्या पुढे. नव्या निम्म्या सीटीला चार म्हणजे ऐंशी. पॉइंट आठ.

सोमवारी सीटी बदलल्यावर स्क्रू चारवरून आठवर न्यायचा होता. दोन मिनिटांचं काम. त्याने मीटरचा गुणक बदलला, खडू दिला, कारमानला दोनदा गुणून दाखवायला लावलं. मग एन्तिनने डब्यात दिलेला भात खाल्ला आणि चारची बस पकडायला निघाला. माणसांनी वाचायचा आकडा त्याने बदलला होता. यंत्राने वाचायचा आकडा तसाच राहिला होता.

तिच्या पायाखालचं पाणी त्यानेच काढून घेतलं होतं. ते काढलं नसतं तर दगड उघडा पडला नसता, आणि ती उतरली नसती. आणि उतरताना तिच्या कानात त्याचंच वाक्य होतं.

पॅनेलमागे कोणी नव्हतं. गुनादीला रिलेतलं कळत नव्हतं. कारमानला अजून कोणी शिकवलं नव्हतं. खोऱ्यात हे वाचता येणारा माणूस एकच होता. खिशात पेचकस होता. आठच्या भोकात स्क्रू बसवला की झालं. गुनादी कबूल झालाच होता. त्याच्या गुन्ह्यात आपल्या चुकीची भर कोणाला हवी होती?

त्याने पेचकस काढला. काच उघडली. मग कारमानला हाक मारली.

"हे बघ," तो म्हणाला. "हा स्क्रू कुठे आहे ते नीट वाच आणि कागदावर लिही. तारीख आणि वेळ घाल. खाली तुझी सही. मग मी तो हलवतो."

"चार," कारमानने वाचलं. "चारच हवा होता का, पाक?"

"नाही."

कारमान त्याच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला दिसत होता. चार गुणिले नव्या सीटीचे वीस, ऐंशी. मग त्याने नजर खाली केली आणि लिहायला घेतलं.

८

मंगळवारी दुपारच्या नमाजानंतर विरात्माच्या अंगणात चटया पसरल्या. पाहुण्यांची मोठी चटई त्यात नव्हती. रुम्सीने भात आणला होता. ओदांग मागच्या ओळीत बसला. कारमान गरोदर बायकोला घेऊन आला. गुनादी येणार नाही असं विरात्माला वाटत होतं, पण तो आला आणि कुंपणाजवळ उभा राहिला. लोकांनी बसा म्हटलं तरी तो बसला नाही. गावाला अजून काही कळलं नव्हतं. वरिष्ठांकडे पाठवायचा अहवाल विरात्माच्या खिशात होता, दोन पानी.

दुआ झाली. रिवाजाप्रमाणे इमामांनी विरात्माकडे पाहिलं. घरच्या माणसाने आता ते चार शब्द बोलायचे होते.

तो उठला. बोलायची सवय नव्हती, म्हणून अहवाल बाहेर काढला. मग तो न उघडताच धरून उभा राहिला.

"दफनाच्या दिवशी मी म्हणालो होतो, एन्तिनचं काही चुकलं असेल तर माफ करा," तो म्हणाला. "ते मी परत घेतो. तिचं काही चुकलं नव्हतं. यंत्र थांबलं होतं, दगड उघडा होता, कंतोंगान वाजलं नव्हतं. तिने सगळं बरोबर पाहिलं आणि बरोबर ऐकलं."

मागच्या ओळीत कोणीतरी खाकरलं आणि थांबलं. रुम्सीने पदराने तोंड झाकलं.

"यंत्र कोणी सुरू केलं ते या कागदात आहे. ते तो स्वतः सांगेल, मी त्याचं नाव इथे घेणार नाही. त्याच्या आधीचं नाव माझं आहे. यंत्र थांबलं ते माझ्यामुळे. एक स्क्रू हलवायचा राहिला. मी तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासतो, माझा तपासायला कोणी नव्हतं."

इमाम उठायला लागले, त्याने हाताने त्यांना बसवलं.

"तर आता तिच्यासाठी माफी मागायची नाही. माझ्यासाठी मागायची आहे. पण ती तुमच्याकडे मागून उपयोग नाही, आणि जिच्याकडे मागायची ती नाही. म्हणून मी मागत नाही. तुम्ही फक्त एवढं करा. तिच्याबद्दल बोलताना कोणी घसरली म्हणू नका."

कुंपणापाशी गुनादीने टोपी काढली आणि तो पुढे आला. दोन चटयांच्या मधून चालत, लोक पाय आखडून वाट देत गेले तसा, विरात्माच्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याला बोलायला बराच वेळ लागला. खाली पाटाचं पाणी कमरेएवढ्याने वाहत होतं, आणि ओदांगने, चप्पल काढलेले दोन्ही पाय जमिनीला घट्ट टेकवून, मान खाली घातली होती.